सुमन डेअरीच्या नावाला गिऱ्हाईक

ता. ४ नोव्हें., कडाव
आज आलं: तूरडाळ १ कि., रु. १४०. तिळाचं तेल पाव लि., ९०. उदबत्ती, १०. पिशवीचं दूध अर्धा लि., ३५. डेअरीवाल्याच्या घरात पिशवी! नैवेद्य दाखवताना देवाकडं बघवलं नाही.
शिवाय शिळफाट्याच्या शेठांकडून कराराचा कागद. त्याचे काही पडले नाहीत.
हे गेल्यापासून डेअरी बंदच. शेठ म्हणाले होते, "मावशी, गाळा राहू द्या तुम्हाला. आम्हाला नुसतं नाव पाहिजे. सुमन डेअरी म्हटलं की कर्जतपर्यंत लोक डोळे मिटून दूध घेतात." कागदात त्याला गुडविल म्हटलंय, अमूर्त मालमत्ता. सही केली की नाव त्यांचं. मग मी दोन वाडगे दही विकलं तरी त्या नावानं नाही.

ता. ५
नितीन येऊन गेला. कर्जतला भाड्याची एक खोली, सूनबाईला सातवा. स्वतःची जागा हवीच आहे. म्हणे, "आई, नावाला काय हात लावता येतो? पैशाला येतो."
म्हटलं, "देवाला तरी कुठं लावता येतो रे?"
"देव विक म्हणून कुणी सांगितलंय?" हसला. मीही हसले. पण त्याचं चुकत नाही.

ता. ७
शेजारची पारूआक्का विरजण मागायला. सगळं ऐकून म्हणते, "नाव इकलंस तर आमी हाक काय मारायची गं तुला? ए बाय?"
डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं हसून आलं.
नावानं हाक मारणारी आता तीच एक. ह्यांनी तर कधीच...
लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं 'सुमन' लिहिलं ते ह्यांनीच. त्याआधी मी तारा. मग जन्मभर "ऐकलंस का?" पण दुकानात फोन वाजला की, "हां, सुमन डेअरी!" मी आत भाकरी थापत असायची. दर वेळी हात थांबायचा. एकदा बोललेच, फोनवर बरं येतं तोंडात. "धंद्याचं नाव आहे ते," म्हणाले. कान लाल.
हे कुठल्या रकान्यात धरायचं? शेठांच्या कागदात तर...

ता. ९
दिवा लावला. जप नीट झाला नाही. उद्या जेवणानंतर शेठ येणार. पेनसुद्धा तेच आणणार म्हणे.
अहो, तुम्ही गुजरातेत नोकरीला होता तेव्हा पत्राच्या शेवटी लिहायचात, उलट टपाली कळव. वर मायन्यात नाव कधी नाहीच. तर आज मी विचारते. तांदळावर लिहिलंत ते मला देऊन टाकलंत, का नुसतं वापरायला दिलं होतंत? माझं असेल तरच मला विकता येईल. पोर अवघडलीय, जागा हवी. पण उद्या दुसराच कुणी फोन उचलून ते नाव घेईल, तेव्हा मी काय करू?
उलट टपाली कळवा. आणि या खेपेला वर नाव घाला.