मुका डबा

तीर्थरूप आत्यास,

तुझ्या कात्रीच्या टप्प्याबाहेर उभं राहून केलेला साष्टांग नमस्कार पावावा. तुझे गुडघे काय म्हणतात? सुईत दोरा अजून पहिल्याच खेपेला ओवतेस ना? आतोबांचा खोकला कमी झाला, की तुझ्या पायमशीनला अजून तालात साथ देतात? मी मजेत आहे. मजेत कसला, हवेत आहे! काल दुपारपासून माझे पाय जमिनीला टेकलेले नाहीत आणि आज दुकानात मी एका गिऱ्हाइकाचा कीबोर्ड दुरुस्त करून दुसऱ्याच गिऱ्हाइकाला देऊन टाकला. (मालकांनी मला कीबोर्डांपासून लांबच्या स्टुलावर बसवलं.)

फोन करायचा सोडून पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोन मी केला होता. त्याचं काय झालं ते पुढे येईलच, आणि ते तुलासुद्धा माहीत नाही, म्हणून सगळं नीट वाच. मधली पानं गाळू नकोस. तुझ्याकडे राहून कॉलेज करत होतो तेव्हा शेवटी शेवटी आपल्यात जे झालं (मी पुस्तक भिरकावलं, तू कात्री आपटलीस, आतोबा गच्चीत निघून गेले), ते आता उगाळायचं कारण नाही. या कटकटीत माणूस काय, भिंतसुद्धा पास होणार नाही, असं मी तुझ्या मशीनला उद्देशून म्हणालो होतो खरा. पण कॉलेज सोडून इथे आलो, संगणक दुरुस्तीच्या दुकानात लागलो, म्हणून तर ती मला भेटली. तेव्हा एका अर्थानं हे सगळं तुझ्या मशीनमुळेच घडलं आहे, एवढंच लक्षात ठेव.

ती म्हणजे ती. एके दिवशी तिनं दुकानाच्या काउंटरवर एक संगणक आणून ठेवला. काचेच्या बाजूंचा, आत लाल-हिरवे-जांभळे दिवे पळणारा, चालू केला की घशात काहीतरी अडकल्यासारखा घोरणारा. म्हणाली, "डावीकडच्या पंख्याचं बेअरिंग गेलंय." मी म्हणालो, पंखे इथे रोज मी बघतो, आवाज उजवीकडून येतोय. खोलून पाहिलं. डावीकडचंच गेलं होतं. आत्या, ती कानाच्या डॉक्टरांकडे लोकांची श्रवणचाचणी घेते. पलीकडच्या टेबलावरच्या घड्याळातला सेल उतरत आलाय हे तिनं मला जाता जाता सांगितलं. माझा संताप झाला, कारण तेही खरं निघालं, आणि त्या संतापातच मी तिच्या प्रेमात पडलो. माझं असंच होतं. शांतपणे मला काही करताच येत नाही.

संगणक तिच्या वडिलांचा. ते सिनेमाच्या थिएटरात ऑपरेटर होते, म्हणजे वरच्या बूथमध्ये बसून पडद्यावर सिनेमा सोडणारे, आणि गल्लीत सगळे त्यांना अजूनही ऑपरेटरसाहेबच म्हणतात. थिएटर पाडलं त्या दिवशी त्यांनी बूथमधला जुन्या ॲम्प्लिफायरचा लोखंडी डबा उचलून घरी आणला. काय डबा आहे! शेवाळी रंग, पुढे गोल काचेची तबकडी, आत थरथरणारा काटा, मुठीत न मावणारी दोन बटणं, मागे हवेसाठी कापलेल्या फटी. आतलं सगळं जळून गेलं होतं, पण बाहेरून ते रोज फडकं मारतात. जन्मभर दुसऱ्यांना दाखवलेले सिनेमे आता एकदा आरामखुर्चीत बसून स्वतः बघायचे, एवढी त्यांची इच्छा. त्यासाठी त्यांच्या मित्राच्या मुलानं तो दिवेवाला संगणक आणून दिला होता. हा मुलगा इंजिनियर. पूर्ण इंजिनियर, माझ्यासारखा मधेच उतरलेला नव्हे. मी त्याचं नाव झगमग ठेवलं आहे. झगमग त्या घरी संगणक ठीक चालतोय का हे बघायला येई आणि संगणक सोडून दुसरीकडेच बघत बसे.

दुरुस्त केलेला संगणक पोचवायला गेलो, तर ऑपरेटरसाहेब म्हणाले, "पंखा बदललात, घोरणं तसंच. सिनेमा बघतोय की पिठाच्या गिरणीत बसलोय?" झगमग तिथेच चहा पीत होता. तो म्हणाला, दुकानातली पोरं, काका, यांच्याकडून किती अपेक्षा करणार? झालं. आत्या, तुला माझं डोकं माहीत आहे. मी म्हणालो, "मी असा संगणक बनवून देतो की तो चालू आहे की बंद हे तुम्हाला कळणार नाही. आणि तोही त्या तुमच्या डब्यात!" ऑपरेटरसाहेबांनी डब्यावर हात ठेवला, जसा कोणी म्हाताऱ्या कुत्र्याच्या पाठीवर ठेवतो. म्हणाले, एकही नवं भोक पाडायचं नाही. मी म्हणालो, नाही पाडणार. ते म्हणाले, जमलं नाही तर पुन्हा या दारात दिसायचं नाही. मी म्हणालो, कबूल, पण जमलं तर मी तुमच्या मुलीबद्दल बोलायला येणार. (हे मी ठरवून बोललो नाही. तोंड उघडंच होतं, त्यातून ते बाहेर पडलं.) झगमगच्या कपातला चहा बशीत सांडला. आतल्या खोलीतून तिचा आवाज आला, "आधी मला विचारायची पद्धत असते." मी दारापाशी जाऊन विचारलं. ती म्हणाली, "आधी डबा."

मग मी जे झपाटलो ते झपाटलोच. तुला समजेल अशा भाषेत सांगतो. प्रोसेसर म्हणजे संगणकाचं डोकं. डोकं जितकं तापट, तितका त्याला थंड ठेवायला पंखा जोरात लागतो (हसू नकोस). म्हणून मी मुद्दाम थंड डोक्याचा प्रोसेसर निवडला, ज्याच्या पोटातच चित्र दाखवायची सोय असते. म्हणजे वेगळं ग्राफिक्स कार्ड नको आणि त्याचे दोन कोकलणारे पंखेही नकोत. वीज पुरवणारा पॉवर सप्लाय बिनपंख्याचा. साठवणीला फिरती डिस्क न घेता एसएसडी घेतली, तिच्यात फिरणारं काही नसतंच. सिनेमांचा मोठा साठा ठेवायची डिस्क शेजारच्या खोलीतल्या कपाटात, गाद्यांच्या मागे, नुसती वायर इकडे. सगळ्या डब्यात एकच पंखा, पण मोठा. मोठा पंखा रमतगमत फिरून जेवढी हवा ढकलतो, तेवढी ढकलायला लहान पंख्याला धावावं लागतं आणि मग तो धापा टाकतो. तो पंखासुद्धा स्क्रूनं न आवळता रबरी खुंट्यांवर टांगला, म्हणजे त्याची थरथर लोखंडाला लागू नये. मदरबोर्ड तळहाताएवढा, ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर बसवला आणि पत्रा डब्याच्या जुन्याच भोकांत जुन्याच स्क्रूंनी. तबकडीतला काटा आवाजाला जोडला, सिनेमातलं माणूस ओरडलं की काटा उसळतो. एकेक भाग ठरवताना मी इतका रंगायचो की मालकांनी मला दुकानात ते शब्द उच्चारायला बंदी घातली.

सगळं बसवलं आणि झाकण लावायला गेलो तर झाकण बसेना. बोटभर वर! प्रोसेसरवरचा हीटसिंक, म्हणजे उष्णता शोषणारा तांब्याच्या नळ्यांचा मनोरा, उंच निघाला. मी तडक तो विकणाऱ्याच्या दुकानात गेलो, भर गर्दीत त्याला खोटारडा म्हणालो, खोक्यावरची मापं वाचून दाखवली. मापं बरोबर होती. परत येऊन डब्यासमोर बसलो तेव्हा उजेड पडला की डब्याची उंची मी बाहेरून मोजली होती. पत्र्याची जाडी, तळाचे पाय, झाकणाची दुमड, सगळं धरून! आत्या, त्या क्षणी तुझा आवाज स्पष्ट ऐकू आला. कोटावरून कोटाच्या आतल्या बनियनचं माप घेतेस काय गं, असं तू त्या शिकाऊ मुलीला म्हणाली होतीस ना, अगदी तस्साच. खोटारडा म्हटलेल्या माणसाकडेच पुन्हा जाऊन बुटका हीटसिंक आणावा लागला. त्यानं तो दिला, पण खोक्यावरची मापं मला मोठ्यानं वाचायला लावून.

मग चाचणी. तिच्या कामाच्या ठिकाणी लाकडी खोपटासारखी एक खोली आहे, आतून जाड स्पंज लावलेली. दार लावलं की जग संपतं. जेवणाच्या सुट्टीत आम्ही डबा आत नेला, चालू केला आणि दोघं शेजारी शेजारी बसलो. ती डोळे मिटून ऐकत होती. मी डोळे उघडे ठेवून बघत होतो. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "डबा शांत आहे. तुमचंच काहीतरी धडधडतंय." अहाहा! आत्या, पुढचं मी लिहीत नाही, कारण पुढे काही झालंच नाही, सुट्टी संपली.

काल दुपारी प्रयोग. ऑपरेटरसाहेबांच्या खोलीत भिंतीवर पांढरा पडदा, छताला टांगलेला बिनपंख्याचाच छोटा प्रोजेक्टर, खिडक्यांवर चादरी खोचलेल्या (त्यातून ऊन गळत होतं, ते लक्षात ठेव), मधे आरामखुर्ची, तिच्या मागे फळीवर डबा. झगमग कोपऱ्यात हाताची घडी घालून. मी डबा चालू केला. ऑपरेटरसाहेबांनी कान लावला, डब्याला हात लावला, मग चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "चालू आहे?" मी जिंकलो होतो! सिनेमा सुरू झाला. नायिका बोलली, काटा उसळला. मग पडद्यावरची माणसं जरा गप्प झाली, आणि ऑपरेटरसाहेब स्प्रिंगसारखे खुर्चीतून उडाले. "पट्टी तुटली!" म्हणत मागे धावले, फळीवर हात चाचपू लागले. आम्ही त्यांना परत बसवलं. पुन्हा गप्प प्रसंग आला, पुन्हा उडाले. तिसऱ्या वेळी उडाले ते झगमगच्या पायावर उतरले.

घाम पुसत ते म्हणाले, "अहो, बूथमध्ये बसून मी डोळ्यांनी सिनेमा बघितलाच नाही कधी. कानानं मशीन बघत बसायचो. मशीनचा आवाज थांबला की फिल्मची पट्टी तुटली. खाली शिट्ट्या सुरू व्हायच्या आत जोडायची. आता मागे एवढं शांत वाटतं, की जीव थाऱ्यावर राहत नाही." झगमग पाय चोळत म्हणाला, माझ्या संगणकानं तरी काका खुर्चीत बसायचे. माझी तार सटकली. मी म्हणालो, मग कानात गिरणीच बसवा! ते म्हणाले, गिरणी नको, गिरणी घरघरते. मशीन घरघरत नाही. ती मात्र शांतपणे वडिलांजवळ बसली, आणि पेशंटला विचारते तसं विचारलं, "बाबा, कसा आवाज? काढून दाखवा." ऑपरेटरसाहेबांनी डोळे मिटले आणि तोंडानं आवाज काढला. कटकटकटकट, कटकटकटकट, एका लयीत, न थांबता.

आत्या, हा आवाज मी कुठेही ओळखला असता. याच आवाजानं माझं कॉलेज खाल्लं.

मी बाहेर जाऊन तुला फोन लावला. तू उचललास, "कोण?" म्हणालीस, माझं "मी" ऐकलंस आणि नेहमीप्रमाणे फोन बंदही न करता मशीनच्या फळीवर ठेवून शिवायला लागलीस. (माणसाला ताटकळत ठेवायची तुझी ही शिक्षा मी याआधी चांगली भोगली आहे.) मी फोन तसाच चालू ठेवला. आत आलो, फोनचा आवाज मोठा केला, फोन डब्यामागे ठेवला आणि सिनेमा पुन्हा लावला. ऑपरेटरसाहेबांची मान हळूहळू मागे टेकली. पाय लांब झाले. माणसं बोलली, गप्प झाली, नायिका रडली, तरी ते उठले नाहीत. मध्यंतरापर्यंत एका जागी! झगमग कधी निघून गेला ते कोणालाच कळलं नाही. तू बहुधा एखाद्या लांब शिवणीवर होतीस. तुझे उपकार.

असो. तुला आनंद व्हावा म्हणून एवढं कळवलं. माझं मागणं काही नाही. आतोबांना नमस्कार.

तुझा भाचा

ता. क. – मागणं तसं आहे. फोन मध्यंतरातच बंद पडला, अर्धा सिनेमा राहिला आहे. तू मशीन घेऊन इकडे ये. मालकांचा टेम्पो सांगून ठेवला आहे. त्या खोलीच्या खिडक्यांना जाड काळे पडदे शिवायचे आहेत, आणि ते तिथेच, आरामखुर्चीच्या मागे, सिनेमा चालू असताना शिवायचे आहेत. येण्याआधी मशीनला तेल घालू नकोस. ज्या कटकटीला मी नावं ठेवली, तिच्यातली एक कटही कमी व्हायला नको.

ता. क. – ऑपरेटरसाहेबांनी विचारलं, हे मशीन कोण चालवतंय? मी सांगितलं, माझी आत्या. ते म्हणाले, "पाय बसलेला आहे यांचा. वेग जराही ढळत नाही. घरात असं माणूस असेल तर बोलायला हरकत नाही. त्यांना बोलवा." तेव्हा पडदे हे निमित्त. तू घरातली मोठी म्हणून माझ्यासाठी बोलायला येते आहेस. कॉलेजचा विषय निघाला तर पाय जोरात मार.

ता. क. – ती म्हणते, आता हो म्हणायला हरकत नाही. डब्यामुळे नव्हे. फोन ठेवून शिवताना तू स्वतःशी बोलतेस हे मी विसरलो होतो. तुझं बोलणं सगळ्या खोलीनं ऐकलं. मला गाढव म्हणालीस, मग तापट गाढव म्हणालीस, मग बराच वेळ नुसतं मशीन, आणि मग, "जेवला असेल का कोण जाणे." ते ऐकून ती जी उठली ती स्वयंपाकघरात गेली.

जेवलो, आत्या.