पीटचं कोठार

बाबा, आज दुपारी मी एका कारखान्याच्या कामगारांपुढे बोलून आले. नेहमीसारखी तुमची गोष्ट सांगितली. "माझ्या वडिलांनी धोका आधीच सांगितला होता, आणि गावाने तो ऐकला नाही." या वाक्यानंतर मी थांबते, आणि माझ्याबरोबर सगळं सभागृह थांबतं. गेली कित्येक वर्षं मी या वाक्यावर उभी आहे. लोक मला बोलावतात ते या वाक्यासाठी, आणि मालक मला घाबरतात तेही याच्याच जोरावर. ते खरं नाही. हे तुम्हाला माहीत असण्याचं कारण नाही, कारण तुम्हालाही मी तेच सांगितलं होतं.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती आणि आपण मिनेसोटाच्या उत्तरेला त्या लहानशा गावात राहत होतो. गावात आपलं एकच भारतीय घर. तेलाचे भाव चढलेले होते, हिवाळा सहा महिने हटत नसे, आणि गावाच्या भोवती मैलोन् मैल दलदल. त्या दलदलीतलं पीट, म्हणजे हजारो वर्षं पाण्याखाली कुजत साठलेलं शेवाळ आणि गवत, कापून वाळवलं की जळतं, हे तिथल्या म्हाताऱ्यांना ठाऊक होतं. ते जाळून अख्खं गाव गरम ठेवता येईल असं गावाला पटवणारे तुम्ही, गावच्या बॉयलरवर काम करणारे. भट्टीत पीट जळणार, भट्टीभोवतीच्या नळ्यांतलं तेल तापणार, ते जमिनीखालच्या पाइपांतून शाळेत, दवाखान्यात, लायब्ररीत फिरणार आणि थंड होऊन परत भट्टीकडे येणार. पाणी का नाही, असं मी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "पाणी इथे गोठेल, तेल गोठत नाही." मी म्हटलं, म्हणजे गावाच्या अंगातलं रक्तच की. तुम्हाला ते आवडलं नाही. "रक्त नाही, तेल आहे. गळलं तर पेटतं. उपमा देताना काय सोडून देतोय ते बघावं."

ते तुम्ही मला सांगत होता, ही गंमतच. मला बोलायला शिकवलं कुणी? दर गणपतीला आपण दोन तास गाडी हाकून शहरातल्या डॉक्टर काकांच्या घरी जायचो. पंधरा-वीस मराठी कुटुंबं, तळघरात आरास, काकूंच्या हातची पुरणपोळी आणि जेवणानंतर मुलांची वक्तृत्व स्पर्धा. बाकीची मुलं इंग्रजी लिपीत लिहिलेलं मराठी भाषण कसंबसं म्हणून मोकळी व्हायची. मी मात्र तुम्ही घासूनपुसून घेतलेली. हात कुठे ठेवायचा, श्वास कुठे घ्यायचा, पहिल्या रांगेतल्या कुणाकडे बघायचं नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, भाषण चढत्या आवाजावर संपवायचं. "टाळी पडली की पुढे एक अक्षर बोलायचं नाही," तुम्ही म्हणायचात. "पुढचं कितीही शहाणपणाचं असो, माणसं ऐकत नाहीत." दर वर्षी पहिला नंबर माझा. डॉक्टर काका तुमच्या पाठीवर थाप मारायचे, "यार, हिला इलेक्शनला उभी कर. आम्ही सगळे व्होट करू. सिटिझनशिप नसली तरी करू."

म्हणूनच गावच्या त्या सभेत तुम्ही मला उभं केलंत. प्रकल्पाला मंजुरी द्यायची की नाही, याची शेवटची सभा होती. त्याआधी दोनदा तुम्ही बोलला होतात आणि मागच्या बाकावरून कुणीतरी दोन्ही वेळा "काय म्हणाला?" असं विचारलं होतं. तुम्ही त्याचा राग धरला नाहीत. घरी येऊन आईला एवढंच म्हणालात, "अगं, यांना माझं गणित कळतं, माझे उच्चार कळत नाहीत." मग माझ्यासाठी तीन पानं लिहून काढलीत. सभेच्या दिवशी तुमची पाळी होती, जुन्या बॉयलरवर. तुम्ही येणार नव्हता.

तिसऱ्या पानाच्या शेवटी एक परिच्छेद होता. मला तो आजही पाठ आहे. वाळलेलं आणि ओलं पीट एका ढिगात ठेवू नये. ढीग माणसाच्या डोक्यापेक्षा उंच करू नये. तसं केलं तर तो आतून आपोआप तापतो, ज्वाळेशिवाय धुमसतो, आणि त्याचा जो विषारी वायू असतो त्याला वास नसतो. म्हणून एकाऐवजी दोन कोठारं हवीत आणि दोन्हींत वायूची सूचना देणारी घंटा हवी. त्याला खर्च लागेल, तो आत्ताच मंजूर करावा.

मी उठले. सोळा वर्षांची, आईने शिवलेला निळा फ्रॉक. परदेशी तेलाच्या पिंपाकडे हात पसरून बसणारं गाव आणि स्वतःच्या जमिनीच्या उबेवर जगणारं गाव, असं मी त्यांच्यापुढे मांडलं. रक्ताची उपमाही दिली. शेवटच्या वाक्याला शेतकरी उठून उभे राहिले. गावसमितीचे अध्यक्ष म्हणजे दुधाचा धंदा करणारे एक उंच, वयस्क गृहस्थ. तेही उभे राहिले. टाळ्या पडत होत्या आणि माझ्या हातात तिसऱ्या पानाचा उरलेला भाग होता. मी तो घडी करून खाली बसले. घाबरून नाही, विसरून नाही. टाळी पडली होती.

त्या रात्री तुम्ही मोजे काढत विचारलंत, "तो शेवटचा परिच्छेद वाचलास ना?"

"हो."

"काय म्हणाले?"

"काही नाही म्हणाले."

तुम्ही मान हलवलीत. आठवड्याने मंजुरीचा कागद आला, त्यात कोठार एकच होतं आणि घंटेचं नावही नव्हतं. तुम्हाला वाटलं, ऐकून नाकारलं. आईने सांगून पाहिलं, "अहो, एकदा तुम्ही स्वतः जाऊन सांगा की." तुम्ही म्हणालात, "पोरीने एवढं स्पष्ट सांगितलंय. पुन्हा जाऊन हात पसरायचे नाहीत." मी समोर बसून पोळी खात होते. तुमच्या त्या मानी स्वभावाचा मला तेव्हा अभिमान वाटला. खरंच वाटला, बाबा. माझ्या खोट्याचा त्याच्याशी काही संबंध आहे हे मला दिसलंच नाही, किंवा मी पाहिलं नाही.

पहिला हिवाळा ठीक गेला. दुसऱ्या वर्षी उन्हाळा पावसाचा होता आणि कोठार अर्धवट ओल्या पीटने आढ्यापर्यंत भरलं. एका शनिवारी सकाळी तुम्ही मला तिथे नेलंत. बाहेर सगळीकडे गुडघाभर बर्फ आणि कोठाराच्या छपरावर मात्र एक जागा कोरडी, काळी, जेवणाच्या टेबलाएवढी. मी म्हटलं, तिथे बर्फ का नाही? तुम्ही कोठाराचं दार उघडलंत. आत अंधार होता आणि ओली माती भाजल्यासारखा वास. तुम्ही एक लांब लोखंडी सळई ढिगात खुपसलीत, घड्याळ बघत उभे राहिलात, मग बाहेर काढून तिच्यावर हाताची मागची बाजू टेकवलीत. आई माझा ताप बघायची तशी. "तू बघ," म्हणालात. टोकाशी मला हात ठेवता आला नाही.

"आता काय करायचं?"

"रोज बघायचं. तापेल तिथला भाग उपसून बाहेर टाकायचा. घंटा नाही, तर मी आहे."

मी तेव्हा सांगू शकले असते. आपण दोघंच होतो. तुम्ही रागावला असता, दोन दिवस बोलला नसता, आणि तिसऱ्या दिवशी अध्यक्षांच्या दारात जाऊन उभे राहिला असता. मी सळईकडे बघत राहिले. तिच्यावरून वाफ निघत होती.

त्यानंतर घराला तो वास लागला. तुमच्या कोटाला, टोपीला, उशीला. आई म्हणायची, "ती माती घरात आणू नका." तुम्ही हात धुवायचात, पुन्हा धुवायचात. जेवताना बोलणं कमी झालं. शाळेत माझी जागा रेडिएटरपाशी होती. तेल फिरायला लागलं की पाइप टक्टक् वाजायचे. बाकीची मुलं त्यावर हसायची, मी मात्र मोजायचे. वाजतंय म्हणजे भट्टी चालू आहे, भट्टी चालू आहे म्हणजे तुम्ही आहात. सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला हे असलं गणित का सुचावं? मला कळत होतं म्हणूनच सुचत होतं.

मार्चमध्ये एका दुपारी इतिहासाच्या तासाला आवाज थांबला. मी रेडिएटरवर हात ठेवला. कोमट होता, मग थंड झाला. बाई म्हणाल्या, जॅकेट घाला मुलांनो, काहीतरी बिघडलेलं दिसतंय. मी जॅकेट घातलं नाही. दारातून मुख्याध्यापक आत येईपर्यंत मी तसाच हात ठेवून बसले होते.

ज्वाळा एकही नव्हती. तुम्ही ढिगाला टेकून बसलेले सापडलात, सळई मांडीवर. भट्टीवरच्या माणसाने तुम्हाला बाहेर ओढलं आणि मग सगळं बंद केलं.

चौथ्या दिवशी अध्यक्ष मागच्या दारी आले. टोपी हातात, बायकोने केलेलं काहीतरी झाकलेल्या भांड्यात. आत यायला तयार नव्हते. मला म्हणाले, "मला एक विचारायचंय. ढीग असा तापतो हे त्याला माहीत होतं का? त्याने आम्हाला कधी सांगितलं का? कारण सांगितलं असतं, तर दुसरं कोठार आम्ही स्वतःच्या हातांनी बांधलं असतं."

"मी सांगितलं होतं," मी म्हणाले. "त्या सभेत. सगळ्यांसमोर."

त्यांना आठवत नव्हतं, आणि आठवत नव्हतं कारण मी ते बोललेच नव्हते. पण त्यांनी स्वतःवर अविश्वास दाखवला, माझ्यावर नाही. "असेल," ते म्हणाले. "माझंच लक्ष नसेल. देव मला क्षमा करो." भांडं पायरीवर ठेवून ते गेले. महिन्याभरात त्यांनी अध्यक्षपद सोडलं. माझ्या मागे आई उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. पायरीवरचं भांडं तिने उचललं नाही.

दर नाताळला त्यांचं कार्ड यायचं, आम्ही गाव सोडल्यावरही. आई ते न फोडता टाकून द्यायची. नंतर कार्डं थांबली. म्हणजे ते गेले असणार, दोषी म्हणून गेले असणार. सभेत काय बोललं गेलं हे कुणी तपासलं नाही. वडील गेलेली मुलगी वडिलांबद्दल खोटं कशाला बोलेल?

मी जे आयुष्यभर सांगत आले त्यावर माझा विश्वास आहे. माणसांचा जीव स्वस्त धरून खर्च वाचवणारे मी पाहिलेत, त्यांच्या तोंडावर त्यांना तसं म्हटलंय, आणि पुन्हा म्हणेन. "त्यांना सांगितलं होतं, त्यांनी ऐकलं नाही" हे बहुतेक ठिकाणी खरं असतं. आपल्या गावात नव्हतं, एवढंच. तिथे ऐकणारी माणसं बसली होती, कानात प्राण आणून बसली होती, आणि मी त्यांना तुमचा परिच्छेद दिला नाही.

आई आता मिशिगनमधल्या नोव्हायला माझ्याजवळ असते. पंच्याऐंशी उलटलीत. गुडघे गेले, पण राग शाबूत आहे. त्या गावाचं नाव टीव्हीवर हवामानात आलं तरी ती चॅनल बदलते. गेल्या महिन्यात म्हणाली, "तुझं एक बरं झालं बाई, तू तरी त्यांना बोलली होतीस." मी तिच्या औषधाच्या गोळ्या डबीत भरत होते. भरत राहिले.

हे पत्र तिला वाचून दाखवायचं म्हणून लिहायला घेतलं होतं. तुम्हाला लिहिलंय असं म्हटलं की ती शेवटपर्यंत ऐकेल, असा हिशेब होता. आत्ता ती वॉकर ढकलत दारापर्यंत आली आणि म्हणाली, "कुणाला लिहितेस गं एवढं?"

"पुढच्या आठवड्याचं भाषण आहे," मी म्हणाले.

"मराठीत?"

"हो. मंडळात आहे."

"बरं. चष्मा लावून लिही," असं म्हणून ती गेली.