कुंडाची ओटी

२ एप्रिल १९५६
नाचणगावाहून बैलगाडीने दुपारी कुंडखेड्याला पोहोचलो. गाव वर टेकाडावर, माझी सरकारी खोली खाली कुंडाच्या काठाशी. रोज सकाळी पाण्यातल्या खांबावरचा आकडा वहीत उतरवायचा, एवढेच काम. आज चार फूट. निघताना कचेरीतले साहेब म्हणाले होते, फार पूर्वी इथे धरणीचे पोट फुटून तापलेला रस वर आला, थिजून काळा खडक झाला. कुंड म्हणजे त्या ज्वालामुखीचे तोंड. हिरवे, खारट, परातीसारखे गोल पाणी. ना ओढा येतो, ना जातो. हात आपोआप जोडले गेले. बायकोला, सुमतीला, पत्र टाकले : वीस तारखेला ये, आणि घरात पाऊल ठेवण्याआधी कुंडाची ओटी भर.

४ एप्रिल
काठावर कुंकवाचा ठिपका नाही, नारळाची करवंटी नाही. एवढ्या पाण्याला कोणी काही वाहत नाही, याचे वाईट वाटले. स्नान करून चतकोर भाकरी आणि गूळ सोडला. भाकरी बुडाली. तरंग मात्र उठला नाही. आता रोज सोडायचे ठरवले.

८ एप्रिल
पाच फूट. ऊन रणरणते आहे, पावसाचा थेंब नाही. ताक मागायला वर गावात गेलो तर पहिल्याच घरच्या कौशल्याबाईंनी दार लावून घेतले. आतून म्हणाल्या, "पोसणारा आला म्हणे. आता पोसजो जन्मभर."

११ एप्रिल
सहा. पाटील रूपराव बांधावर भेटले. बसा म्हणाले नाहीत.
"वासुदेवराव, काऊन देता त्याले? नदीले द्या, विहिरीले द्या. तोंडाले दिलं का ते वाट पाह्यते."
पूर्वी एका बैराग्याने असेच दिले, मग थांबवले. पाणी त्याच्या झोपडीपर्यंत चढले, त्याला घेऊन उतरले. ज्याच्या हातचे खाल्ले, त्याला ते ओळखते म्हणे. मी गावात राहायला येतो म्हणालो. त्यांनी नकारार्थी मान हलवली. पाणी माझ्यामागे गावात येईल म्हणे.

१३ एप्रिल
नैवेद्य बंद केला. आठ फूट.

१५ एप्रिल
वरच्या वाटेवर गावाने बाभळीचे काटे रचले आहेत. पलीकडे माणसे काठ्या घेऊन बसून. सुमतीला पत्र लिहिले, येऊ नकोस, आलीस तरी कुंडाला काही वाहू नकोस. काट्यांवरून टाकले. माझ्या हातचे म्हणून कोणी शिवले नाही. काठीने परत आत लोटले.

१७ एप्रिल
खांब बुडाला. काठाची वाटही. जपाला बसलो, नाम तोंडात येते आणि—

१९ एप्रिल
पाणी उंबऱ्याला. भाकरी दिली. तरंगत राहिली. आता भाकरी नको आहे.

२० एप्रिल, सकाळ
देवळीहून येणारी मोटार वाजली. समोरच्या काठाला, मोटारीच्या रस्त्यावरून पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांवर सुमती. हातात ओटीचे ताट. मीच लिहिले होते, मीच—
ओरडलो. तिला वाटले, बोलावतो आहे. पदर सावरून उतरू लागली.
तिच्या हातचे त्याने खाल्ले तर तिलाही ओळखेल. त्याआधी त्याचे पोट भरले पाहिजे. ती अजून सात पायऱ्या वर. सहा. वही हातातच आहे. उंबरा ओलांडला, गुडघ्यापर्यंत. पाणी कोमट. तरंग ना—