बिननावाच्या नातीस आमराई

लिहून ठेवणार उकर्डा वल्द किसनराव, वय अंदाजे सत्तर, धंदा शेती, राहणार जळगाव जामोद, जिल्हा बुलढाणा, वऱ्हाड. डोळ्यांना कमी दिसते, पण डोके ठिकाणावर आहे. कोणी धाक घालून किंवा गोड बोलून हे लिहवून घेतलेले नाही. हे मृत्युपत्र मी सांगतो आणि अर्जनवीस पंजाबराव लिहितात.

आधी नावाचा खुलासा, कारण माझा मुलगा शेषराव मॅट्रिक झालेला असून कागदावर मला ‘उत्तमराव’ करा म्हणतो. करू नये. माझ्याआधीची भावंडे देवांची नावे घेऊन पाळण्यातच गेली. म्हणून आईने मला उकिरड्यावर ठेवले, शेजारणीने सुपात उचलले आणि आईने मूठभर ज्वारी देऊन मला तिच्याकडून विकत घेतले. असल्या पोराकडे यम ढुंकूनही पाहत नाही, असा समज. मी जगलो. नावाने जगलो की नशिबाने, ते मला अजून कळलेले नाही.

तेव्हापासून नावांची खोड लागली. भेटेल त्याला विचारतो. करीम पिंजाऱ्याच्या घरी कुराण उघडून पानावरचे पहिले अक्षर घेतात. सातपुड्यातून डिंक विकायला येणारा बुध्या कोरकू बुधवारी जन्मला, विषय संपला. मिशनच्या दवाखान्यातल्या बाईंना मेलेल्या आजीचे नाव आहे. आजीला अशी रोज हाक मारता येते, ही गोष्ट मला फार आवडली. पंजाबरावांच्या सात पिढ्यांत कोणी पंजाब पाहिलेला नाही, तरी हे नाव का, ते त्यांनाही ठाऊक नाही. हे लिहायला ते तयार नव्हते. मी लिहवले.

कलम पहिले. राहते घर, बैलजोडी, तिफण, वखर आणि गावठाणाजवळचे शेत शेषरावास.

कलम दुसरे. चुलतभाऊ नारायणराव यास काही नाही. नाव देवाचे, पण आमच्या शेतांमधला धुऱ्याचा, म्हणजे बांधाचा, दगड दर पेरणीला माझ्याकडे सरकतो. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. तो दगड तेवढा त्याने घरी न्यावा.

कलम तिसरे. नदीकाठची आमराई व विहीर माझ्या नातीस.

येथे पंजाबरावांनी टाक खाली ठेवला. नातीला नाव नाही. शेषरावाची पहिली दोन लेकरे थाटात बारसे होऊन महिन्याभरात गेली. ही तिसरी. बायामाणसे म्हणतात, उकर्डी ठेवा. शेषरावाला त्याची लाज वाटते. चांगले नाव ठेवायला त्याचाच जीव धजत नाही. पोर रांगायला लागली तरी घरात सगळे तिला ‘ते’ म्हणतात. पंजाबराव म्हणाले, बिननावाच्या पोरीला आमराई लिहिली तर नारायणराव उद्याच कोर्टात उभा राहील.

मग मी सून रुक्मिणीला बोलावले. लेकराला पाजताना ती काहीतरी पुटपुटते, हे मला ऐकू येत असे.

“पोरी, तू हिले काय म्हनतं?” मी विचारले.

तिने दाराकडे पाहिले. शेषराव दारात उभा होता. ती म्हणाली, “मामाजी, लग्नात माहं नाव बदललं, तवापासून ते रिकामंच पडलं हाये. त्या नावानं मी देवीच्या साथीतून वाचली. कोकिळा. तेच तिले देलं.”

गावभर नावे विचारत हिंडलो, पण घरातले हे नाव मला माहीत नव्हते. शेषराव खाली बसला आणि पोरीला त्याने त्या नावाने हाक मारली. माझ्या डोळ्यांना पाणी आले, हेही लिहावे.

सबब आमराई व विहीर कोकिळा, मुलगी शेषराव, हिची. ती सज्ञान होईपर्यंत वहिवाट तिच्या आईने करावी. आईचे नाव कोकिळा. सासरचे नाव रुक्मिणीबाई. कागदावर दोन्ही लिहावीत, आणि माहेरचे आधी.

उकर्डा वल्द किसनराव, निशाणी नांगर
साक्षीदार: हिंमतराव, सही स्वतःची
साक्षीदार: करीम पिंजारी, डाव्या हाताचा आंगठा
हस्ताक्षर: पंजाबराव, अर्जनवीस
मुक्काम जळगाव जामोद, ता. १२ फेब्रुवारी १९३४