पिवळ्या चौकटीतला जोड

सोमवार, ३
नव्या दवाखान्यात रांग लावायचं काम मिळालं. बायकोला जाऊन चार महिने झाले. घरात बसून भिंतींशी बोलायला लागशील म्हणत थोरल्या बहिणीने खटपट करून इथे चिकटवून दिलं. जागा उजेडाची, छान आहे. डॉक्टरांच्या दारापासून फरशीवर पिवळ्या रंगाने सात चौकटी आखल्या, प्रत्येकीत एक खुर्ची ठेवली. आपला नंबर कितवा हे डोळ्यांना दिसलं की माणूस निम्मा शांत होतो. नर्सबाई म्हणाल्या, रांगेतली भांडणंच बंद झाली तर आम्हाला करमायचं कसं. बऱ्याच दिवसांनी हसलो.

मंगळवार, ४
लोक जागेवर चपला ठेवून चहाला जातात. मागचे त्या पायाने पुढे सरकवतात. मी नियम केला, माणूस नाही तर नंबर नाही. संध्याकाळी सातव्या चौकटीत बायकांच्या चपलांचा एक जोड उरला. कोणाचाच नव्हता. भिंतीशी ठेवला.

बुधवार, ५
सकाळी जोड सहाव्या चौकटीत. झाडणाऱ्या मावशी म्हणतात, मी हात लावलेला नाही. डाव्या चपलेचा अंगठा निळ्या दोऱ्याने शिवलेला आहे. बायकोच्या चपलेचा मी तसाच शिवला होता.
हिला नेलं तो दवाखाना दुसऱ्या गावचा. तिथे रांगेत मी तिघांना पुढे सोडलं. मला कोणाला नाही म्हणवत नाही. ही दम खात म्हणाली होती, सोडा सगळ्यांना, आपण शेवटी दिवे मालवून जाऊ. नंबर आला तेव्हा ही नव्हती. चपला तिथेच राहिल्या.

गुरुवार, ६
काल कपाटात घालून कुलूप लावलं होतं. आज चौथ्या चौकटीत. दुपारी तिसरीत. त्या खुर्चीवर कोणी बसत नाही. विचारलं तर दुसरीकडे बघतात.

शुक्रवार, ७
पहिली चौकट. डॉक्टरांची घंटा वाजली. मागच्या आजोबांना खूण केली. ते म्हणाले, आधी या बाईंचा नंबर आहे की. मी खुर्चीकडे बघितलं नाही. आजोबांना आत पाठवलं. पुन्हा तेच केलं —

सहा वाजले. सगळे गेले. डॉक्टरांनी निघताना विचारलं, कोणी राहिलंय का. नाही म्हणालो.

जोड तिथेच. शेजारी आणखी एक — माझा. मी तर पायात — फरशी गार लागतेय.

दाराजवळचा दिवा गेला. आता मधला. बटणं भिंतीपलीकडे आहेत, मी इथे टेबलाशी, मग कोण एकेक