चुना उरला होता

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार
शांतवन तुरुंगातून सुटून आला. शेवटच्या बाकावर बसला होता. विलासच्या डोक्यात ज्या हाताने पाना घातला, त्याच हातात झावळी. (यापुढे शां. लिहीन. पूर्ण नाव लिहायला हात वळत नाही.)
उपासनेनंतर पाळकसाहेबांनी उत्तम शुक्रवारसाठी, म्हणजे गुड फ्रायडेसाठी, प्रभूची क्रुसावरची सात वचनं वाटली, एकेकाने एकेकावर बोलायचं. मी चौथं मागितलं होतं, टाकून दिल्याचं. त्यांनी पहिलं दिलं, क्षमेचं. "मंडळीला हे तुमच्या तोंडून ऐकायचंय."
नाही म्हणालो नाही. भित्रेपणा, की थोर दिसायची हाव? हावच असावी.

१४ एप्रिल
जयंतीमुळे रस्ते बंद, एकलहऱ्याला कामावर वळसा घालून गेलो. प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासता तपासता मनात शां.ला तीनदा मारलं. एकदा पान्यानेच.
आठ वर्षं झाली. सातपूरचं वर्कशॉप, पंख्याचं तोंड कुणाकडे यावरून भांडण. विलास, माझा धाकटा भाऊ, म्हणाला, "जा, आईच्या पदराचा वारा घे." शां.ने पाना उचलला. साक्षीदार म्हणाला, चार फटके. ओळख मी पटवली, पायाच्या बोटांवरून. कपाळ उरलं नव्हतं.

१६ एप्रिल
भाषण जमत नाही. प्रभूने मारणाऱ्यांसाठी क्षमा मागितली ती हातोडा चालू असताना. पण खिळे त्याच्या हातात होते. माझ्या हातात कुठे? मार विलासने खाल्ला. त्याच्या वतीने माफ करणारा मी कोण?
हे भाषणात घालू नये. खरं आहे, म्हणूनच.
आई डोकावली. "भाषण लिहितोयस की जबाब?"

१८ एप्रिल, उत्तम शुक्रवार
छान बोललो. बायका रडल्या. शां. मागे बाकावर डोकं टेकून. लोकांनी हात धरले. मला आवडलं.

१९ एप्रिल, शनिवार
लिहिलंच पाहिजे.
उद्याची पहाटेची उपासना कबरस्तानात, म्हणून दरवर्षी आदल्या दिवशी जो तो आपापल्या कबरी साफ करून चुना मारतो. आपापल्याच. दुसऱ्याच्या कबरीला कोणी हात लावत नाही.
आठला फावडं, बादली घेऊन पोचलो. विलासची कबर आधीच पांढरीशुभ्र. शां. गुडघ्यावर, क्रुसाच्या आडव्या दांडीवर ब्रश फिरवतोय. मागच्या रांगेत त्याच्या आईची कबर, तो आत असताना गेली ती.
"दादा, आईची झाली. चुना उरला होता."
उरला होता!
फावडं कसं धरलं होतं आठवत नाही. खोटं. आठवतं. पात्याची कड मी त्याच्याकडे फिरवून घेतली. कानाच्या वर बसली. नारळ फुटल्यासारखा आवाज. तो मटकन खाली बसला, हात वर केले नाहीत. रक्त चुन्यावर पडत होतं. मी पुन्हा उचललं.
दुसऱ्यांदा मारलं नाही. दया म्हणून? नाही. आई फाटकातून येताना दिसली.
तिने त्याच्या डोक्यावर पदर दाबला. "बघतोस काय? रिक्षा आण!"
अकरा टाके. डॉक्टरला म्हणाला, "पाय घसरला. क्रुसावर आपटलो." माझ्याकडे बघितलं नाही.

२० एप्रिल, पुनरुत्थानाचा रविवार
"प्रभू उठला आहे!" सगळे म्हणाले, मीही म्हणालो. कबरीवरचा डाग तपकिरी झालाय. पाळकसाहेब म्हणाले, "चुन्यात गेरू पडला का?" मी हो म्हणालो. पेत्राने प्रभूला तीनदा नाकारलं, माझं एकदाच झालंय. दिवस बाकी आहे.
मरण हरलं म्हणतो आपण. मला त्यातून फक्त विलास परत हवा होता, धड कपाळाचा. पण प्रभू आला तो भोकं पडलेल्या हातांनी. मग विलास त्या कपाळानेच उठेल. आणि शां.ही उठेल, माझे अकरा टाके घेऊन. मरण हरलं तर दोघंही परत येणार. हे शुक्रवारी का सुचलं नाही?

२२ एप्रिल
शां.च्या खोलीवर गेलो. डोक्याला पट्टी, स्टोव्हवर चहा.
"खोटं का बोललास?"
"आतली डाळ लय पातळ असते दादा. तुम्हाला नाय झेपायची."
हसला. मला हसता आलं नाही.
"माफ केलंस मला?"
"तुम्ही केलं का? शुक्रवारी तर बोललात."
"ते भाषण होतं."
"मग माझंबी घसरणं होतं." चहा पुढे केला. प्यालो.
या माणसाला ख्रिस्त करायचं नाही. तो खुनी आहे. पण आज मी बाहेर आहे तो त्याच्यामुळे. आपल्याला कोणी वाचवावं हेसुद्धा आपल्या हातात नाही?

२६ एप्रिल, शनिवार
उद्या उपासनेत साक्षीची वेळ आहे, मंडळीसमोर उभं राहून आपलं सांगायची. पाच मिनिटं मागून घेतलीत. विषय सांगितला नाही. आईला सांगितला.
ती म्हणाली, "एक पुरलाय. दुसऱ्याला आत धाडायचं वय राहिलं नाही माझं." थोड्या वेळाने, "पण तुझी जीभ मी धरणार नाही."
शां.चा निरोप आलाय. सोमवारी टाके काढायचेत, दादा गाडीवर नेतील का?
नेईन म्हणून कळवलं. सोमवारी मी कुठे असेन, माहीत नाही.
आईने फावडं राखेने घासून भिंतीला उभं केलंय. रक्त गेलं म्हणून मी चिडलो. म्हणाली, "तुला लपवायला नाही घासलं. पुढच्या वर्षी कबरी साफ करायला लागेल."