काचेवरचा हात

प्रिय फोटोग्राफरसाहेब,

फोटोंच्या काचांची पेटी मिळाली. पेंढ्यात नीट बांधली होती, एकही फुटली नाही. एवढंच लिहून पत्र संपवायचं ठरवलं होतं, कारण मी रागावले आहे. पण माझा राग पोटात राहत नाही, हे तुम्हाला लग्नापासून ठाऊक आहे.

संग्रहालयाने तुम्हाला जुन्या इमारतींचे आणि मूर्तींचे फोटो काढायला पाठवलं आणि त्या काचा छापायचं काम मला दिलं. मूर्तीची उंची कळावी म्हणून शेजारी तुम्ही नेहमी मोजपट्टी उभी करायचात. माणूस हलतो, पट्टी हलत नाही, असं सगळ्यांना ऐकवायचात. हल्ली मात्र प्रत्येक काचेत पट्टीच्या जागी तुम्हीच उभे. मी शिवलेला कोट, तोच पाडलेला खांदा. मग कॅमेऱ्यामागे कोण?

एका काचेत त्याचं उत्तर सापडलं. पुढच्या जमिनीवर कॅमेऱ्याची सावली पडली आहे आणि तिला चिकटून एका बाईची, अंबाड्यासकट. तिथल्या रखवालदाराची बहीण स्वयंपाक करते, तिला लिहिता-वाचता येतं, फार हुशार आहे, असं तुम्हीच मागे लिहिलं होतंत. त्यातला ‘फार’ मला तेव्हाच खटकला होता. त्यानंतर तुमचं मनगट लचकलं आणि पत्रं तिच्या गोलगोल अक्षरात यायला लागली. नवऱ्याची खुशाली परक्या बाईच्या अक्षरात वाचायची म्हणजे काय, ते तुम्हाला कळायचं नाही. पाणी कुठंतरी मुरतंय, हे कळायला मला भिंग लागलं नाही. त्यात तुमच्या ताई येऊन आगीत तेल ओतून गेल्या. बाहेर रमलेला पुरुष आणि उतू गेलेलं दूध परत भांड्यात येत नाही म्हणे. तुम्ही परत येणार की नाही, एवढाच विचार डोक्यात घेऊन मी घरात वावरत होते.

मग भिंग घेऊन बसलेच. तुम्ही तिच्याकडे बघून हसताय का, हेच शोधत होते. हसत नव्हता. पण खांब कललेले दिसले. ओळंबा लावल्याशिवाय कॅमेरा उभा न करणारे तुम्ही, आणि खांब कललेले! मी म्हटलं, बाईच्या नादी लागून कामही बिघडवलंत. आणखी चिडले. तुम्ही कॅमेऱ्याकडे न बघता जरा बाजूला बघत होता, कुणी हाक मारली की माणूस कान देतो ना, तसं. तेही मी तिच्याच खाती मांडलं. कावीळ झाली की सगळं पिवळंच दिसतं.

शेवटची काच त्या मोठ्या दगडी स्त्रीची होती. तिच्याशेजारी तुम्ही स्पष्ट आला आहात, बटणंसुद्धा मोजता येतात. फक्त उजवा हात नाही. तिच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत हललेल्या हाताचा नुसता धूसर पट्टा आहे. मूर्तीला कुणी बोट लावलं तर अंगावर धावून जाणारे, कॅमेऱ्याच्या भिंगावरचं झाकण उघडं असताना श्वासही घेऊ न देणारे तुम्ही, तेवढा सगळा वेळ तिचा चेहरा चाचपत होता. काच हातात धरून मी तिथेच खाली बसले आणि खूप रडले.

संग्रहालयाच्या साहेबांना सांगितलं, एक काच प्रवासात फुटली. ती माझ्या ट्रंकेत, साड्यांखाली आहे. डोळ्यांचं त्यांना कळलं तर काम जाईल म्हणूनच तुम्ही गप्प राहिलात ना? पण मला तरी सांगायचंत. मनगट म्हणे!

हे पत्र तुम्हाला कोण वाचून दाखवतंय, ते मला माहीत आहे. बाई, तुमच्यावर मी नाही नाही ते संशय घेतले, तेही गाळू नका, सगळं वाचा. आणि त्यांना सांगा, पुढच्या आठवड्यात मी येतेय. कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखाली डोकं मी घालीन, ओळंबा मी लावीन. दिसतं तोवर माझ्याकडे बघून घ्या म्हणावं. नंतर चेहरा चाचपायचाच असेल, तर दगडाचा कशाला?

तुमचीच,
घरची छापखानेवाली